प्रवाळ खडकावर बसवायचं कसं?

खाऱ्या पाण्याची टाकी सुरू झाली, पाणी स्थिरावलं, दोन-चार मासे रुळले, की मग पहिलं प्रवाळ घरात येतं. बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि त्याच्याखाली सिरॅमिकची छोटी खुंटी. छंदातली मंडळी तुकड्याला ‘फ्रॅग’ म्हणतात आणि खुंटीला ‘प्लग’. हा फ्रॅग खडकाच्या खाचेत नुसता टेकवून ठेवला तर फार काळ जागेवर राहत नाही. रात्री टर्बो गोगलगाय त्याच्यावरून रांगत जाते, सी अर्चिन त्याला पाठीवर घेऊन हिंडतं, नाहीतर वेव्हमेकरचा, म्हणजे टाकीतलं पाणी ढवळणाऱ्या पंपाचा, झोत लागतो. सकाळी तो वाळूत उपडा पडलेला असतो. वाळूत दबलेली बाजू मरते, आणि शेजारच्या प्रवाळावर पडला तर दोघंही जायबंदी होतात.

म्हणून तो चिकटवावा लागतो. नवीन माणूस लगेच विचारतो, कोणता ग्लू घेऊ? त्याच्या आधी हे समजून घ्यायला हवं, की ग्लूने नेमकं काय करायचं आहे.

प्रवाळाला कायमचं धरून ठेवणं हे ग्लूचं काम नाही. ते काम प्रवाळ स्वतः करतं. प्रवाळ म्हणजे असंख्य छोट्या प्राण्यांची वसाहत. त्यातल्या एकेका प्राण्याला पॉलिप म्हणतात. दगडी प्रवाळांत आपल्याला रंगीत दिसतो तो जिवंत पेशींचा थर अगदी पातळ असतो आणि त्याखाली कॅल्शियम कार्बोनेटचा टणक सांगाडा असतो. तळाशी हा जिवंत थर शेजारच्या कठीण पृष्ठभागावर हळूहळू पसरतो, आणि जिथे पसरतो तिथे खाली नवा सांगाडा घालत जातो. आधी ग्लू झाकला जातो, मग प्लग, मग खडक. तेव्हा कुठे प्रवाळ खऱ्या अर्थाने बसलं असं म्हणायचं. मॉन्टिपोरासारखी पसरट वाढणारी जात दोन-तीन आठवड्यांतच याला सुरुवात करते. अ‍ॅक्रोपोराला काही आठवड्यांपासून काही महिने लागू शकतात.

यात अट एकच: तळ हलता कामा नये. तुकडा जरासा जरी डुलत राहिला तरी पसरू पाहणारी ती पातळ कड खडकावर घासते, फाटते आणि पुन्हा मागे हटते. हाड मोडल्यावरच्या प्लास्टरसारखंच हे आहे. प्लास्टर हाड जोडत नाही, हाड जुळेपर्यंत त्याला स्थिर ठेवतं. ग्लूकडून आपल्याला तेवढंच हवं. आणि ते बरंच आहे, कारण ग्लू ठिसूळ असतो, पाण्यात महिनोन् महिने राहून त्याची पकड कमीही होते. तोपर्यंत प्रवाळाने खडक धरलेला असायला हवा.

उघड्या समुद्रातही हेच तत्त्व चालतं. अमेरिकेत फ्लोरिडा कीज या बेटांच्या पट्ट्यात स्टॅगहॉर्न प्रवाळाची संख्या गेल्या काही दशकांत भयंकर घटली. तिथे केन नेडिमायर हे मत्स्यालयांसाठी समुद्रात ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे सागरी जीव रुजलेले खडक, तयार करून विकत. त्यांच्या खडकांवर स्टॅगहॉर्नची पिल्लं आपोआप येऊन रुजली. त्यातूनच पुढे २००७मध्ये कोरल रिस्टोरेशन फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. पाणबुडे रोपवाटिकेत वाढवलेल्या फांद्या एपॉक्सी या घट्ट होणाऱ्या पुट्टीच्या गोळ्यांनी मूळ खडकावर टेकवतात आणि पुढचं काम प्रवाळावर सोडतात. समुद्र वाचवण्याच्या कामात घरगुती टाकीवाल्यांचं शहाणपण असं उपयोगी पडलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

ग्लू उघडण्याआधी

एकदा चिकटवलं की जागा बदलणं अवघड, म्हणून आधी जागा ठरवा. टाकीत ठेवतात त्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याने प्रकाशावर बनवलेल्या अन्नावर प्रवाळ मोठ्या प्रमाणात जगतं. अ‍ॅक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपच्या जातींना भरपूर प्रकाश आणि उलटसुलट वाहणारं पाणी लागतं, म्हणून त्या वरच्या खडकावर. टॉर्च, हॅमर अशा मांसल जातींना मध्यम प्रकाश आणि मंद प्रवाह. मशरूम आणखी खाली, सावलीकडे. फ्रॅग ठरवलेल्या जागी काही दिवस नुसता ठेवून पाहा. पॉलिप बाहेर येतात का, रंग फिका पडतो का, मांस एकाच बाजूला सतत वाकतंय का, हे बघा. दुकानात मंद दिव्याखाली राहिलेला तुकडा थेट वर नेला तर तो पांढरा पडू शकतो, म्हणून खालून वर हळूहळू चढवा.

शेजारी कोण आहे तेही बघा. टॉर्च आणि गॅलॅक्सिया रात्री लांब दंशकारी शुंडा सोडतात. दिवसा दोघांत वीतभर अंतर दिसतं आणि सकाळी शेजाऱ्याच्या अंगावर पांढरे भाजल्याचे चट्टे उठलेले असतात. गॅलॅक्सियाच्या आसपास मी दुसरं काहीच लावू देणार नाही.

टाकीत सोडण्याआधी फ्रॅगला प्रवाळांसाठीच्या औषधी पाण्याची आंघोळ घालायची, त्याला ‘डिप’ म्हणतात. अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे किडे, मॉन्टिपोरा खाणाऱ्या बारीक न्यूडिब्रँक (बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी) सुटून खाली पडलेल्या तुम्हाला वाडग्यात दिसतीलही. पण डिपने किडे मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत. अंडी बहुधा तळाशी, मेलेल्या सांगाड्यावर आणि प्लगच्या कडेला असतात. म्हणून दगडी प्रवाळाचा तुकडा आलेल्या प्लगवरून बोन कटरने कापून वेगळा करायचा, जुना प्लग फेकून द्यायचा आणि स्वच्छ तळाने चिकटवायचा. कापल्यावर तळ सपाट होतो, सपाट तळ खडकाला जास्त टेकतो आणि जास्त टेकलेला लवकर धरतो. एका कापण्यात दोन्ही कामं होतात.

खडकाची तयारी म्हणजे दोन मिनिटांचं काम, पण तेच लोक टाळतात. ज्या जागी चिकटवायचं तिथलं हिरवं शैवाल आणि बुळबुळीत थर फक्त टाकीसाठी ठेवलेल्या नव्या टूथब्रशने घासून काढा. थरावर लावलेला ग्लू थराला चिकटतो, खडकाला नाही.

ग्लू आणि पुट्टी

प्रवाळांसाठी म्हणून मिळणारे बहुतेक ग्लू सायनोअ‍ॅक्रिलेटचे असतात. आपल्या घरातलं फेविक्विक याच कुळातलं. हॅरी कूव्हर यांच्या चमूच्या हाती हा पदार्थ १९४२मध्ये लागला आणि १९५८मध्ये ईस्टमन कोडॅकने तो बाजारात आणला. तो हवेतल्या ओलाव्यानेसुद्धा घट्ट होतो. पाणी हेच त्याला घट्ट करणारं कारण. त्यामुळेच तो भरल्या टाकीत, पाण्याखाली वापरता येतो.

मात्र पातळ नको, जेल घ्या. पातळ ग्लू पाण्यात शिरताच क्षणात पांढऱ्या पापुद्र्यासारखा होऊन तरंगतो, किंवा ओघळून जिवंत भागावर जातो, आणि जिथे जातो तिथली पेशी मरते. जेल टाकल्या जागी राहतो. छोट्या ट्यूब घ्या. मोठी बाटली एकदा उघडली की तोंडाशी जमून बसते.

दुसरं साधन म्हणजे दोन भागांची एपॉक्सी पुट्टी. दोन रंग एकजीव होईपर्यंत मळायची आणि गोळा करून लावायची. ती पोकळी भरायला, वजनदार तुकडा पेलायला उत्तम, पण तिची स्वतःची पकड बेताची. म्हणून जाणकार तिला दोन्ही बाजूंनी ग्लू लावतात: खडक, ग्लू, पुट्टी, ग्लू, प्रवाळ. खडबडीत किंवा उभ्या खडकावर याहून भरवशाची पद्धत नाही. पुट्टी घट्ट होताना तापते, म्हणून एका वेळी थोडीच मळा. ती ताजी असताना प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) फेसाने भरून वाहू लागतो. काही तास बंद ठेवला तर बरं. नळकामाची पुट्टी वापरू नका. ती पाइपची गळती थांबवायला केलेली असते, तिच्यात काय काय आहे हे वेष्टनावर पूर्ण लिहिलेलं नसतं, आणि प्रवाळ-कोळंबीसारख्या जीवांना फार थोडा जडधातूही पुरतो. याच कारणासाठी तांब्याची तार टाकीच्या जवळपासही नको.

हात पाण्यात घालताना

वीज आधी. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं वीजवाहक असतं. हात घालण्याआधी हीटर, पंप, वेव्हमेकर सगळं विजेच्या सॉकेटपाशी बंद करा. टाकीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर पुढचं प्रवाळ घेण्याआधी तो बसवा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर आणा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं. पंप बंद असण्याचा आणखी एक फायदा: स्थिर पाण्यात ग्लूचे धागे प्रवाळांवर जाऊन बसत नाहीत.

आता प्रत्यक्ष चिकटवणं. फ्रॅग पाण्याबाहेर काढून तळ कागदाने टिपून कोरडा करा. काही मिनिटं बाहेर राहिल्याने दगडी प्रवाळाचं बिघडत नाही. ओहोटीला उथळ पाण्यातली कितीतरी प्रवाळं उघडी पडतात. धरायचं ते सांगाड्याला किंवा प्लगला, जिवंत मांसाला नाही. तळावर मटाराएवढा जेल घ्या आणि सरळ पाण्यात जा.

इथे एक गोष्ट डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. पाण्यात शिरताच जेलवर पांढुरकी साय धरते. आतला ग्लू ओलाच असतो, पण बाहेरचा थर घट्ट झालेला असतो. तसाच टेकवला तर खडकाला साय लागते, ग्लू लागत नाही, आणि हात काढला की तुकडा अलगद सुटून येतो. म्हणून टेकवल्यावर दाबत दाबत पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे फिरवायचं. साय फाटते, ताजा ग्लू बाहेर येऊन खडकाच्या छिद्रांत शिरतो, आणि बोटांना एकदम जाणवतं की आता फिरवायला जड जातंय. तिथे थांबा. अर्धा-एक मिनिट हात अजिबात न हलवता धरा, मग सोडा. पंधरा मिनिटांनी पंप चालू करा. (पंप चालू करायला विसरलं की रात्रीत प्राणवायू कमी पडून मासे मरतात, म्हणून मोबाइलवर गजर लावूनच कामाला लागा.)

टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन यांच्या बाबतीत घाई नको. फुगलेलं मांस पाण्याचा भार धरून असतं. तसंच उचललं तर सांगाड्याच्या धारेवर ते फाटतं आणि फाटलेल्या जागी तपकिरी, जेलीसारखी कूज सुरू होऊन अख्खं डोकं जाऊ शकतं. पाण्यातच हलकेच हलवून त्याला आत ओढून घेऊ द्या, मगच उचला. ग्लू फक्त खालच्या मेलेल्या देठाला.

काही प्रवाळं ग्लूला दाद देत नाहीत. मशरूम आणि लेदर प्रवाळ सतत श्लेष्मा सोडतं, त्यावर काहीच टिकत नाही. मशरूमला एका छोट्या डब्यात खडकाच्या खड्यांवर ठेवा, वर जाळी बांधा, मंद प्रवाहात आठवडाभर तसंच राहू द्या. ते स्वतःच एखाद्या खड्याला धरतं. मग तो खडा चिकटवायचा. लेदरच्या तुकड्याला सैल रबरबँडने खड्याशी बांधलं तरी चालतं, आवळू मात्र नका. फंजिया म्हणजे प्लेट प्रवाळ आणि ट्रॅकिफिलिया यांना चिकटवूच नका, ती वाळूवर राहणारी आहेत. झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप कुठेही चिकटतात. अडचण उलटी, ती थांबत नाहीत. त्यांना मुख्य खडकापासून सुटं, वाळूने वेढलेलं बेट द्या.

विषाची गोष्ट गंभीरपणे घ्या

घरी कापाकापी करणाऱ्यांपैकी अनेकांना हे ठाऊक नसतं. झोअँथिड, म्हणजे बाजारात ‘झोआ’ आणि ‘पॅली’ नावाने मिळणारी रंगीत बटणांसारखी प्रवाळं, विशेषतः पॅलिथोआ, यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. हवाईमधल्या पॅलिथोआतून ते वेगळं केल्याचं संशोधन १९७१मध्ये प्रसिद्ध झालं. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला चिकटून त्याचं उघडं दार करून टाकतं, आणि पेशीचा तोल जातो. यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करतात.

धोका सगळ्यात जास्त वाढतो तो वाफेने आणि तुषारांनी. नको असलेल्या पॅली मारायला म्हणून खडक उकळणं, त्यावर गरम पाणी ओतणं, जोरदार फवाऱ्याने किंवा कोरड्या ब्रशने घासणं, यातून विष हवेत जातं आणि श्वासावाटे घरातल्या सगळ्यांच्या शरीरात जातं. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या स्टीव्हंटन गावात २०१८मध्ये एका घरात टाकीतलं प्रवाळ साफ करताना असंच झालं, आणि कुटुंबाबरोबर मदतीला आलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळातल्या अशाच घटनांची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने केली आहे. तोंडात धातूसारखी किंवा कडवट चव, खोकला, धाप, थंडी-ताप, अंग मोडून दुखणं, असं काही झोआ हाताळल्यावर झालं तर घराबाहेर मोकळ्या हवेत या, रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द स्पष्ट सांगा. डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहा. बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

म्हणून झोआंबाबत माझा आग्रह साधा आहे: कापू नका. प्लगसकट घ्या, प्लगसकट चिकटवा. कापावंच लागलं तर हात-डोळे झाकून, तुकडा पाण्यात ठेवून, मुलं आणि पाळीव प्राणी दुसऱ्या खोलीत असताना.

हातमोजे नायट्राइलचे. सुती मोजे कधीच नाहीत, कारण सायनोअ‍ॅक्रिलेट कापसाला लागला की झपाट्याने तापतो, धूरही निघतो आणि कातडी भाजते. सांडलेला ग्लू घरातल्या जुन्या सुती फडक्याने पुसायची आपली सवय इथे महागात पडते. प्लास्टिकच्या तुकड्याने ओढून घ्या. बोटं एकमेकांना चिकटली तर ओढाताण करू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा. हाताला कापलेलं-खरचटलेलं असेल तर मोज्यांशिवाय टाकीत हात नकोच. मायकोबॅक्टेरियम मरायनम नावाचा जिवाणू अशा जखमेतून शिरून महिनोन् महिने न भरणाऱ्या गाठी आणतो. तशी गाठ आली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की घरी मत्स्यालय आहे.

भारतात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती विकत घेण्याआधीची. सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे आणि अग्निप्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणच्या पाण्यात किंवा विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवर जे प्रवाळ आहे, त्याचा मेलेला, किनाऱ्याला लागलेला तुकडाही घरी आणायचा नाही. परदेशी प्रवाळांच्या व्यापारावरही आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारतात अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी लागते. विक्रेत्याकडे कागद मागा, खात्री नसेल तर वन विभागाकडे चौकशी करा. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याचं प्रवाळ कुठून उपटून आणलंय, हे कळायला मार्ग नसतो.

चिकटवल्यानंतर

पहिला आठवडा त्या जागेला हात लावू नका. तीन-चार आठवड्यांनी टॉर्चच्या उजेडात तळ बघा. ग्लूच्या कडेवर फिकट, जवळपास पांढरा, नखाच्या कडेएवढा पट्टा दिसला तर प्रवाळ पसरायला लागलं. पट्टा दिसतच नसेल तर ग्लूला दोष देऊ नका, पाणी तपासा. सांगाडा पाण्यातल्या क्षारांतूनच बनतो. क्षारता ८ ते ९ डीकेएच (क्षारता मोजायचं एकक), कॅल्शियम दर लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि तापमान २५-२६ अंश, आणि हे आकडे रोज वर-खाली न होणं, एवढं असलं की बहुतेक फ्रॅग धरतात.

सुटून पडलाच तर त्याच तळावर पुन्हा ग्लू थापू नका. जुना घट्ट ग्लू कटरने उडवा, खडकावरचा डागही खरवडून काढा, नवा तळ करून लावा. पुन्हा त्याच जागेवरून पडला तर पुट्टी घालून बघा. तरीही पडला तर रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने तांबडा टॉर्च घेऊन टाकीसमोर बसा. बहुतेक वेळा त्या खडकावरून एखादी गोगलगाय किंवा खेकडा जाता-येता दिसतो, आणि मग फ्रॅगची जागा बदलणं हाच उपाय उरतो.